गिअरबॉक्स उघडण्याआधी

मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनींचं राज्य होतं त्या दिवसांत एक प्रसंग कुठल्याही सिग्नलला बघायला मिळे. दिवा हिरवा होतो, मागच्यांचे हॉर्न सुरू होतात आणि पुढची टॅक्सी जागची हलत नाही. ड्रायव्हर सावकाश उतरतो, बॉनेट वर करतो, आत हात घालून एक दांडी हिसडतो, बॉनेट धाडकन लावतो आणि पँटला हात पुसत सीटवर येऊन बसतो. गिअर पडतो, टॅक्सी निघते. मीटर तेवढ्यात चालूच असतं.

मागे बसलेल्या प्रवाशाला वाटायचं, आता दुसरी टॅक्सी बघावी लागणार. ड्रायव्हरला मात्र पक्कं ठाऊक असायचं की गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही. अडकलंय ते स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या दांड्यांमध्ये. रोज बारा-बारा तास तीच गाडी चालवणाऱ्याला जे निदान हाताला कळत होतं, ते आज हौसेने जुनी पद्मिनी बाळगणाऱ्या पुष्कळांना कळत नाही. गिअर अडला की ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणायचं, तो उतरवायचा, उघडायचा, आणि चांगल्या चाललेल्या यंत्रात नवे-जुने सुटे भाग घालून ते कायमचं बिघडवायचं, असा प्रकार सर्रास चालतो.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारातून मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा गाड्या एकामागून एक आल्या आणि १९६४मध्ये आली फियाट ११०० डिलाइट. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, मागच्या चाकांना ओढ आणि गिअरचं हँडल स्टिअरिंगच्या खांबावर. पुढे तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. लोकांनी या नावांची फारशी दखल घेतली नाही. महाराष्ट्रात ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली.

उरल्या त्या खासगी गाड्या. त्या आठवडाभर कव्हरखाली असतात आणि रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर, नाहीतर कोथरूडहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरून येतात. अशा गाडीच्या गिअरच्या तक्रारी गॅरेजमध्ये चार-पाच वाक्यांत येतात: गिअर पडत नाही; गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो; पडलेला गिअर सुटतो; दुसऱ्याच्या जागी चौथा पडतो; रिव्हर्स सापडतच नाही. पाच तक्रारींची कारणं वेगळी असतात, पण शोधण्याचा क्रम एकच ठेवावा: बाहेरून आत. आधी दांड्या, मग क्लच, मग तेल आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स.

पहिली परीक्षा कुणालाही घरच्या पार्किंगमध्ये करता येते आणि तिला पान्हासुद्धा लागत नाही. इंजिन बंद ठेवून क्लच दाबायचा आणि चारही गिअर, शिवाय रिव्हर्स, एकेक करून टाकून बघायचे. एखादा गिअर दात समोरासमोर आल्यामुळे अडला तर गाडी हाताने जराशी पुढे-मागे हलवायची. आता इंजिन सुरू करून तेच पुन्हा. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात किंवा कर्रकन वाजतात, तर दोष बहुतेक क्लचचा. बंद इंजिनावरही हँडल अडतं, तर दांड्यांचा किंवा आतल्या भागांचा. दोन मिनिटांच्या या परीक्षेने निम्मं निदान होतं. तरीही ती न करता थेट जॅक लावणारी गॅरेजं कमी नाहीत.

दांड्यांपासून सुरुवात करू. गिअरचं हँडल स्टिअरिंगच्या खांबावर नेण्याची चाल अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या अखेरीला रूढ झाली. जमिनीतून वर येणारी दांडी गेली की पुढे सलग बाकासारखी सीट बसवता येते आणि तिघं शेजारी-शेजारी बसू शकतात. जमिनीवरच्या गिअरमध्ये हाताची हालचाल जवळजवळ थेट गिअरबॉक्सच्या झाकणात जाते. खांबावरच्या गिअरमध्ये तीच हालचाल खांबालगतच्या नळीतून खाली उतरते, बॉनेटखाली वळण घेते आणि दांड्या, आर्म, पिना आणि बुश यांच्या साखळीतून गिअरबॉक्सच्या अंगाला पोचते. हँडलचं काम दोन भागांत असतं. एका हालचालीने गिअरची जोडी निवडायची, पहिला-दुसरा की तिसरा-चौथा; दुसऱ्या हालचालीने त्या जोडीतला हवा तो गिअर टाकायचा.

या साखळीत प्रत्येक सांध्याला बुश असतो. वर्षानुवर्षांच्या धुळीने, उष्णतेने आणि कोरड्या घर्षणाने तो झिजतो आणि भोक अंडाकृती होतं. एका सांध्यातला अर्ध्या मिलिमीटरचा प्ले कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण असे पाच-सहा सांधे एकापुढे एक आले की सगळे प्ले एकत्र जमतात आणि वर हँडलच्या टोकाला दोन बोटांची मोकळी हालचाल तयार होते. ड्रायव्हरचा हात पूर्ण फिरतो, खाली मात्र निवड अर्धवटच होते. आतला सिलेक्टर धड या जोडीत नाही, धड त्या जोडीत नाही, मध्येच अडकून बसतो. दुसऱ्याच्या जागी चौथा पडतो तो याच कारणाने. आणि सिग्नलवर बॉनेट उघडून टॅक्सीवाला जे करायचा, ते म्हणजे हाच सिलेक्टर हाताने न्यूट्रलला आणून सोडणं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन माणसं लागतात. एकाने आत बसून हँडल अगदी हळू फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली टॉर्च धरून बघायचं. हँडल हललं आणि पहिला आर्म लगेच हलला, पण त्याच्या पुढची दांडी क्षणभर थांबून मग हलली, तर तो सांधा झिजलेला. बोटांच्या चिमटीत सांधा धरला तर ‘टक्’ असा हलकासा धक्का जाणवतो. असे सांधे खडूने खुणावून ठेवावेत. काही ठिकाणी बुश जागेवर नसतोच. त्याऐवजी कुणीतरी कधीकाळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते किंवा तार आवळलेली असते. त्यात हसण्यासारखं काही नाही, त्या ड्रायव्हरला त्या दिवशीचा धंदा करायचा होता. पण पन्नास वर्षं टिकवायच्या गाडीत ती तार राहू देऊ नये.

दुरुस्ती साधी आणि स्वस्त आहे. तयार बुश पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत चौकशी केली तर अजूनही हाती लागतात. नाही मिळाले तर लेथवर करून घेता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवाल्यासमोर जुना बुश ठेवला, तर तो पिन मापून पितळेचा किंवा नायलॉनचा नवा बुश कातून देईल. भोकच अंडाकृती झालं असेल तर ते वेल्डिंगने भरून पुन्हा नीट पाडून घ्यावं लागतं. पिना झिजल्या असतील तर त्याही बदलाव्यात. नव्या बुशात जुनी पिन घालणं म्हणजे अर्धंच काम. मग ग्रीस, नव्या कॉटर पिना आणि शेवटी दांड्यांची लांबी जुळवणं. हे जुळवताना गिअरबॉक्स आणि हँडल दोन्ही न्यूट्रलला हवेत, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची: दांडी वाकवून माप जुळवणं. वाकवलेली दांडी आज जुळते आणि उद्या बुश बदलला की दुसरीकडे चुकते.

दांड्या ठीक असतील तर क्लच. क्लच दाबल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांची पुरती फारकत व्हायला हवी. ती अर्धवट झाली तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो आणि फिरत्या दातांत गिअर घालायला गेलं की आवाज येणारच. याची परीक्षा रिव्हर्सवर करतात, कारण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रचना, नसतो. इंजिन हळू चालू ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, आठ-दहा सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढ्या वेळात शाफ्ट थांबलेला असायला हवा. तरीही कर्रकन वाजला तर क्लच सुटत नाही असं समजायचं. आयडलिंग फार वर ठेवलेलं असेल तरी हाच आवाज येतो, म्हणून आधी कार्बोरेटरचा स्क्रू बघावा.

क्लच न सुटण्याची कारणं बरीच. पेडलचा प्ले जास्त झालेला असतो. तो ॲडजस्ट करणं हे अर्ध्या तासाचं काम. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर सिलिंडरचं रबर गेलेलं असतं किंवा पाइपात हवा शिरलेली असते. फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसणारं पायलट बेअरिंग जाम झालं तरी क्लच दाबूनही शाफ्ट फिरत राहतो. आणि हौशी मालकांच्या गाडीला होणारा खास आजार म्हणजे चिकटलेली क्लच प्लेट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी कव्हरखाली उभी राहते, दमट हवेत फ्लायव्हीलला गंज चढतो आणि प्लेट त्याला घट्ट बसते. दिवाळीत गाडी काढायला जावं तर पेडल नेहमीसारखं दबतं, पण एकही गिअर पडत नाही.

अशा वेळी गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नये. इंजिन चांगलं गरम करून बंद करायचं, पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा दांडा अडकवायचा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. बऱ्याचदा सकाळपर्यंत प्लेट आपोआप सुटते. नाही सुटली तर अनुभवी मेकॅनिक मोकळ्या मैदानात गाडी गिअरमध्येच सुरू करून, क्लच दाबून, ब्रेकचे हलके झटके देऊन ती सोडवतात. हे काम सोसायटीच्या आवारात, भिंतीसमोर गाडी उभी करून करायचं नाही, एवढं तारतम्य हवं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून चार पावलं पुढे-मागे घेतली तर ही वेळच येत नाही.

तेलाची गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गॅरेजच्या भाषेत गिअरबॉक्समध्ये ‘नव्वद नंबर’ घालतात, म्हणजे एसएई ९० दाटपणाचं गिअर ऑइल. पण नव्वद नंबर हे फक्त घट्टपणाचं माप झालं. डब्यावर आणखी एक खूण असते, जीएल-४ किंवा जीएल-५. जीएल-५ तेल मुळात डिफरन्शियलमधल्या हायपॉइड दात्यांसाठी असतं. प्रचंड दाब सोसावा म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त प्रमाणात घातलेली असतात. जुन्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा पितळी असतात. काही जीएल-५ तेलांतली ही रसायनं पितळेला खातात, शिवाय तेल इतकं निसरडं असतं की रिंगला हवी ती पकडच मिळत नाही. परिणामी ‘नवं, भारीतलं’ तेल घातल्यापासून गिअर वाजायला लागतो आणि मालक बुचकळ्यात पडतो. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये त्याला योग्य ते तेल, असे दोन वेगळे डबे घ्यायला हवेत. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतण्याचा आळस महागात पडतो.

तेल बदलताना आधी भरायचा बूच उघडून बघायचा, मगच निथळायचा. आधी खालचा बूच काढून सगळं तेल सांडलं आणि मग वरचा गंजलेला बूच निघतच नाही असं झालं, तर गाडी तिथेच अडकून पडते. निथळलेलं तेल पांढऱ्या तसराळ्यात धरून उजेडात बघावं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यांतून गेलेल्या गाड्यांत हे हमखास आढळतं. सोनेरी चमचम दिसली तर ती सिंक्रो रिंगांची झीज. थोडी असेल तर वयोमानानुसार ठीक. चुंबकाला चिकटणारे पोलादी तुकडे निघाले, तर मात्र आता गिअरबॉक्स उघडायचाच आहे.

आतल्या सिंक्रोमेशची करामत समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या मोटारींत गिअरची चाकं शाफ्टवर सरकवून एकमेकांत घुसवत. वेग जुळला नाही तर दात वाजत, कधी तुटत. अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन यांनी यावर सिंक्रोमेशचा उपाय शोधला आणि १९२८ साली कॅडिलॅकने तो गाडीत आणला. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस जसा आधी दोन पावलं गाडीबरोबर पळतो आणि मग दांडा धरतो, तसंच इथे घडतं. गिअर टाकताना पितळी रिंग आधी गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच गिअर शाफ्टला जोडणाऱ्या स्लीव्हला पुढे जाऊ देते. रिंगच्या आतले बारीक कंगोरे मधलं तेल कापून पकड घेतात. कंगोरे गुळगुळीत झाले की रिंग नुसती घसरते आणि वेग जुळण्याआधीच दात भिडतात.

पद्मिनीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरलाच ही सोय आहे. पहिल्याला नाही. त्यामुळे गाडी चालत असताना पहिला टाकला तर तो वाजणार, आणि त्यात बिघाड काहीच नाही. आजच्या गाड्यांवर हात बसलेली माणसं स्पीडब्रेकरपाशी सवयीने पहिला टाकायला जातात आणि आवाज ऐकून घाबरतात. गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकणं हाच त्यावरचा उपाय. अगदीच गरज पडली तर डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलेटरला छोटा झटका, पुन्हा क्लच दाबून गिअर. जुन्या ट्रक आणि बस चालवलेल्या ड्रायव्हरांच्या पायात हे इतकं मुरलेलं असे की ते नवी गाडीही तशीच चालवत. पहिल्या गिअरच्या आवाजासाठी गिअरबॉक्स उघडून घेणाऱ्या मालकाचे पैसे सरळ पाण्यात जातात.

सगळ्यात आधी झिजते ती दुसऱ्या गिअरची रिंग. शहरात सगळ्यात जास्त वापर दुसऱ्याचाच, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना तिला शाफ्टचा वेग वाढवून घ्यावा लागतो. दुसरा वाजायला लागला तर डबल क्लच करत गाडी आणखी काही वर्षं निवांत चालते. महिन्यातून शे-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीसाठी हा मार्ग मुळीच वाईट नाही.

गिअर सुटणं ही तक्रार मात्र चालढकल करण्यासारखी नाही. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की हँडल झटक्यात न्यूट्रलला येतं आणि इंजिनाचा आधारच जातो. घाटात हे धोक्याचं. यातही आधी बाहेर बघावं. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसतात ती दबली असतील, तर ओढ पडताच सगळं धूड हलतं आणि दांड्या ओढल्या जाऊन गिअर निघतो. माउंटिंग नीट असेल तर आत दोन संशयित: गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या गोळीची स्प्रिंग मऊ झालेली, किंवा स्लीव्हचे दात झिजून गोल झालेले. स्प्रिंग चार पैशांची, स्लीव्ह महाग. काही जण हँडल हाताने दाबून धरून गाडी चालवतात. त्यामुळे स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क सतत फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो आणि आधी एकच असलेला खर्च दुप्पट होतो.

शेवटी गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर प्रोपेलर शाफ्ट सोडवून तो खालून काढावा लागतो. मजुरीचा मोठा वाटा या उतरवण्या-चढवण्यात जातो, म्हणून एकदा उतरवल्यावर कंजूसपणा करू नये: ऑइल सील, गास्केट, बेअरिंग, सर्कलिप, आणि क्लच प्लेट अर्धी झिजली असेल तर तीही बदलावी. रिंग नवी की जुनी हे तिच्या चकाकीवरून ठरवायचं नसतं. ती गिअरच्या शंकूवर दाबून बसवायची आणि दोघांमधली फट फीलर गेजने मोजायची. नव्या रिंगपेक्षा फट फारच कमी भरली तर रिंग संपली. जुने भाग पिशवीत भरून परत मागून घ्यावेत.

भागांचा बाजार हा वेगळाच विषय. भंगारात गेलेल्या टॅक्सींचे गिअरबॉक्स काही वर्षं ढिगाने मिळत. आता चांगला नग शोधावा लागतो. असा जुना गिअरबॉक्स घेताना हाताने शाफ्ट फिरवून सगळे गिअर टाकून बघावेत आणि तेलाचा बूच काढून बोट घालावं. ‘ओरिजिनल’ म्हणून नव्या पुठ्ठ्यात मिळणाऱ्या रिंगा मापाने तपासल्याशिवाय घेऊ नयेत.

या सगळ्या कटकटीला कंटाळून काही जण गिअर जमिनीवर आणतात, म्हणजे दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवून घेतात. चालवायला ते सोपं होतं यात शंका नाही. अडचण नोंदणीची येऊ शकते. केंद्र सरकारने २०२१मध्ये आणलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. पण तिच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९७४ची पद्मिनी आता त्या वयात पोचली आहे, तेव्हा जमिनीला भोक पाडायला निघालेल्याने आधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं. आणि एकदा ती दांडी मधून वर आली की पुढच्या सलग सीटवर तिसऱ्याला बसायला जागा राहत नाही. बसलाच तर दर वेळी गिअर टाकताना त्याच्या गुडघ्याला धक्का बसणार.